पहिला आकडा कोणाचा?

दसऱ्याआधी गिरगाव-दादरची कुटुंबं मोटार घ्यायला निघतात. विक्रेता आधी मोठा आकडा सांगतो, मग सूट. मन मात्र पहिल्या आकड्यालाच चिकटतं. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, या प्रश्नाआधी त्यांनी आकड्यांचं चक्र फिरवलं. चक्रावर १० आलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ आलेल्यांचा ४५! चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून पहिला आकडा तुमचा असावा यासाठी दुसऱ्या डीलरचं लेखी कोटेशन घेऊनच जा. ताडदेव आरटीओत भरायचा रस्ता कर ठरलेला असतो. घासाघीस सूट, ॲक्सेसरीज आणि हँडलिंग चार्जेसवर करा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही.