नळीच्या टोकावरचा थेंब

दुपारचे साडेबारा. बाहेर लख्ख ऊन, उंदरांच्या खोलीत मात्र रात्र. इथले दिवे सकाळी दहालाच मालवतात, कारण उंदीर खातो-पितो ते अंधारात. आम्ही मंद लाल उजेडात वावरतो. तो त्यांना जवळजवळ दिसत नाही.

पिंजऱ्यात एकेकटे, पंचवीसेक ग्रॅमचे काळेभोर उंदीर. जात सी५७ ब्लॅक ६, दारू आपणहून पिणारी. डीबीए जातीचा उंदीर त्याच दारूला जेमतेम तोंड लावतो. खुराक तोच, खोली तीच. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून ‘मनावर घेतलं की दारू सुटते’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, उंदीर उताणा करायचा आणि पोटात बारीक सुई टोचायची. काही सिरिंजमध्ये नाल्ट्रेक्सोन, काहींत नुसतं सलाइन. कशात काय, ते मला मुद्दामच सांगितलेलं नसतं.

दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं आणि म्यू नावाच्या ओपिऑइड रिसेप्टरवर जाऊन बसतं. डोपामाइनच्या पेशींना आवरून धरणाऱ्या पेशी त्यामुळे ढिल्या पडतात, डोपामाइन वाढतं, आणि उंदीर पुन्हा नळीकडे वळतो. नाल्ट्रेक्सोन त्या रिसेप्टरची जागा आधीच अडवतं. २००० साली म्यू रिसेप्टरचा जनुकच नसलेले उंदीर तपासले गेले, तर ते दारू मिळवायला धडपडेनात. माणसांच्या दारूच्या व्यसनावर नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ मध्येच मान्यता मिळाली होती.

एक वाजता पाण्याची बाटली काढून २० टक्के अल्कोहोलची मोजनळी लावतो. दोनच तास. एवढ्यात उंदीर पितो ते बहुधा पाऊण मिलिलीटरच्या आत, पण रक्तातलं प्रमाण १०० मिलिलीटरला ८० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० ची आहे.

म्हणून थेंबाची भीती. नळी लावताना पिंजरा हलला, टोकाशी बुडबुडा अडकला, की त्या उंदराचा आकडा गेला. एक पिंजरा आम्ही रिकामाच ठेवतो, नळी लावून. उंदीर नसताना जेवढं गळलं आणि उडालं, तेवढं सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायचं. नव्या मुलांना मी आधी हा रिकामा पिंजरा दाखवते. प्रयोग संपला की या उंदरांचे मेंदू काढावे लागतात. आपल्या हलगर्जीने त्यातला एकही जीव फुकट गेलेला मला सहन होत नाही.

तीन वाजले. नळी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचते. सहाव्या पिंजऱ्यात ०.६५. सातव्यात ०.२. सातवा गुंगीत तर नाही? नाही, मजेत तूस उकरतोय. पाण्याची बाटली परत लावताच धावत आला आणि घटाघटा पाणी प्यायला. मी वहीत ‘हालचाल ठीक’ एवढंच लिहिलं आणि आठव्याची नळी काढली.