बेत मित्रांचा, वेळापत्रक शरीराचे

शाळेपासूनचे सात-आठ मित्र, वय चाळिशीच्या आसपास. कोणाची वाळूजच्या कंपनीत नोकरी, कोणाचे गुलमंडीत दुकान, कोणी शिक्षक. रविवारी सकाळी देवगिरी किल्ला चढायचा, खाली उतरून चहा घ्यायचा आणि चहावर एकच विषय: यंदा लडाख की अंदमान? छत्रपती संभाजीनगरात असे ग्रुप आता गल्लोगल्ली दिसतात. तारखा ठरतात, रजा टाकल्या जातात, बुलेटची सर्व्हिसिंग होते, जाकिटे-हातमोजे घेतले जातात. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा यादीत नसते. नव्या ठिकाणच्या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला लागणारे दिवस.

डोंगर आणि समुद्र ही दोन टोके वाटली, तरी शरीराच्या दृष्टीने दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, हवेच्या दाबाचा. डोंगरावर तो कमी होतो, पाण्याखाली वाढतो. दाब हळूहळू बदलला तर शरीर सांभाळून घेते. घाई केली की तक्रार करते आणि तक्रार ऐकली नाही तर जिवावर बेतू शकते.

हवा तीच, दाब कमी

लडाखमध्ये ‘हवेत ऑक्सिजन कमी असतो’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारा ऑक्सिजन घटतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत लेहला, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा दाब दोन तृतीयांशांच्या आसपास असतो. ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंगला खिंडीत तो जेमतेम निम्मा उरतो.

उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. संभाजीनगर आहे सुमारे ५७० मीटरवर आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर. म्हणजे राज्यात कुठेही कितीही चढाई केली तरी या त्रासाची रंगीत तालीम होत नाही. देवगिरीच्या पायऱ्या रोज चढल्याने पाय आणि दम नक्की मजबूत होतो, पण तंदुरुस्ती म्हणजे उंचीपासून संरक्षण नव्हे. उलट तंदुरुस्त तरुण ‘मला काय होतंय’ म्हणत पहिल्याच दिवशी धावपळ करतात आणि त्यांनाच त्रास होतो, असेही घडते.

उंचीवर पोचताच श्वासाचा वेग वाढतो. त्याने ऑक्सिजन थोडा अधिक मिळतो, पण शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. हा तोल मूत्रपिंडे सावरतात, त्यासाठी त्यांना दोन-तीन दिवस लागतात. विश्रांतीचे दिवस म्हणजे लाड नव्हेत. त्या दिवसांत शरीराचे हे काम चालू असते. लाल रक्तपेशी वाढायला तर त्याहूनही बरेच दिवस, आठवडे लागतात.

सैनिकांकडून मिळालेला धडा

उंचीच्या आजाराबद्दल जगाला जे कळले, त्यात भारतीय लष्करी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी भागातील जवान हिमालयात वेगाने न्यावे लागले. शरीर तयार होण्याआधीच ते उंचीवर पोचले आणि त्यांतले अनेक जण आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या अनुभवावर लिहिलेला शोधनिबंध १९६९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. आजही या विषयावरील लेखनात त्याचा उल्लेख येतो.

तेव्हा सैनिकांपुढे युद्धाची निकड होती. आज तशीच घाई हौशी प्रवासी आपण होऊन करतात. सकाळी दिल्लीहून निघालेले विमान सव्वा-दीड तासात लेहला पोचवते. लक्षणे मात्र लगेच दिसत नाहीत, ती सुरू व्हायला बहुधा सहा ते बारा तास जातात. त्यामुळे दुपारी सगळे ठणठणीत असतात, बाजार फिरतात, पायऱ्या चढतात, फोटो पाठवतात. रात्री डोके ठणकू लागते, मळमळते, जेवण नको वाटते, झोप येत नाही. हा झाला सौम्य प्रकार. तिथेच थांबून विश्रांती घेतली तर एक-दोन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते.

दुखणे अंगावर काढून आणखी वर गेले तर दोन गंभीर प्रकार होऊ शकतात. एकात फुप्फुसांत पाणी साचते: बसल्या जागी धाप, आधी कोरडा आणि पुढे फेसाळ खोकला, निळसर ओठ. दुसऱ्यात मेंदूला सूज येते: तोल जातो, बोलणे असंबद्ध होते, माणूस गुंगीत जातो. दोन्हींवर मुख्य उपाय एकच, ऑक्सिजन देत ताबडतोब खाली आणणे. ‘सकाळी बघू’ म्हणण्याइतका वेळ हाताशी नसतो.

बोगद्याने वाचवलेला वेळ

‘आम्ही विमानाने नाही, गाडीवर जाणार, म्हणजे हळूहळूच चढणार,’ असे दुचाकीस्वार सांगतात. श्रीनगर-कारगिल मार्गाने हे बऱ्याच अंशी खरे आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आणि कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथे मुक्काम करत गेले तर शरीराला पायरी-पायरीने चढता येते.

मनालीच्या बाजूने हिशेब वेगळा आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंडीचा वळसा टळला. सोय झाली, पण वाटेत आपोआप मिळणारा वेळही गेला. आता सकाळी २,०५० मीटरवरच्या मनालीहून निघून रात्री ४,२९० मीटरवरच्या सरचूला तंबूत झोपणे सहज शक्य होते. झोपण्याची उंची एका दिवसात २,२०० मीटरहून जास्त वाढली. वैद्यकीय सल्ला असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे.

सरचूची आणखी एक अडचण आहे. ते दोन उंच खिंडींच्या मध्ये आहे. मनालीकडे परतायचे तर सुमारे ४,९०० मीटरची बारालाचा ला ओलांडावी लागते, लेहकडेही आणखी उंच खिंडी आहेत. रात्री कोणी आजारी पडला तर खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते. म्हणून पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पा येथे, सुमारे ३,१०० ते ३,२०० मीटरवर, करणे शहाणपणाचे. शक्य असल्यास तिथे दोन रात्री काढाव्यात.

ग्रुपची भीड

मित्रांसोबत जाण्यात सुरक्षितता आहे, तसा एक छुपा धोकाही आहे. नेपाळमधील ट्रेकरांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा उंचीच्या आजाराने दगावलेल्यांत ठरावीक कार्यक्रम घेऊन निघालेल्या संघटित गटांतील लोकांचे प्रमाण जास्त आढळले. कारण समजणे अवघड नाही. एकट्याला बरे वाटले नाही तर तो थांबतो. गटाचे मुक्काम ठरलेले असतात, पैसे भरलेले असतात, परतीची तिकिटे काढलेली असतात. डोके दुखणाऱ्याला वाटते, आपल्यामुळे सगळ्यांचा विचका नको. मग तो गोळी घेऊन गप्प बसतो. इतर म्हणतात, ‘दमला असेल, झोपू दे.’

आजार ओळखण्याचे सर्वांत चांगले साधन तरीही मित्रच असतात. मेंदूला सूज येऊ लागली की आपण बरळतो आहोत हे रुग्णाला स्वतःला कळत नाही, शेजाऱ्याला कळते. एक सोपी चाचणी आहे: जमिनीवर सरळ रेषा धरून, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत दहा-बारा पावले चालायला सांगावे. झोकांड्या गेल्या तर तो थकवा समजू नये, खाली उतरण्याची तयारी करावी. आजाऱ्याला एकटे तंबूत सोडू नये आणि एकट्याला खालीही पाठवू नये.

याच जिल्ह्याच्या ग्रामीण पोलिस दलातील रफिक शेख यांनी मे २०१६मध्ये एव्हरेस्ट सर केले. त्याआधी २०१४मध्ये हिमस्खलनामुळे आणि २०१५मध्ये भूकंपामुळे त्यांना परतावे लागले होते. एव्हरेस्टवर जाणारे गिर्यारोहकही शिखराकडे सरळ चालू लागत नाहीत. कित्येक आठवडे वर जाणे आणि झोपायला पुन्हा खाली येणे असा त्यांचा क्रम असतो. दहा दिवसांच्या सहलीला एवढे शक्य नाही, पण ‘दिवसा उंच, रात्री खाली’ हे तत्त्व उचलता येते. लेहला दोन दिवस विश्रांती घेऊन खारदुंगला ओलांडावी, वर फार वेळ न रेंगाळता लेहपेक्षा कमी उंचीवरच्या नुब्रा खोऱ्यात झोपावे आणि चार हजार मीटरच्या वरचे पँगाँग शेवटी ठेवावे.

बेटांवरचा उलटा हिशेब

लडाखऐवजी अंदमानचा बेत ठरला तर दाबाचे गणित उलटे होते. स्वराज द्वीप, शहीद द्वीप अशी बेटे बोटीने पालथी घालताना स्कूबा डायव्हिंग हे मोठे आकर्षण असते. आपल्याकडे मालवण-तारकर्लीलाही ते होते. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. सावकाश वर आले आणि पुरेसा वेळ दिला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर सोड्याची बाटली फटकन उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखी, मुंग्या, हातापायांतली कमजोरी ही त्याची लक्षणे.

प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो, तो १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाएवढा असू शकतो. म्हणजे सकाळी डायव्हिंग करून दुपारचे विमान पकडणारा माणूस काही तासांत समुद्रतळाहून कळसूबाईपेक्षा उंच जातो. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केले असल्यास किमान १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला दिला जातो. बेत आखताना डायव्हिंग सुरुवातीला आणि किल्ले-संग्रहालये शेवटच्या दिवशी ठेवली की प्रश्न मिटतो.

सर्दी झाली असेल तर पाण्यात उतरू नये, कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये, फुप्फुसातली हवा प्रसरण पावून ते फाटू शकते. दम्याचा किंवा हृदयविकाराचा त्रास असल्यास प्रशिक्षकाने दिलेल्या अर्जात तो लपवू नये.

निघण्यापूर्वी

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावे. नेहमीची औषधे परस्पर बंद करू नयेत. इन्सुलिन गोठू देऊ नये. डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांच्या कामाला वेग देते, त्यामुळे शरीर लवकर जुळवून घेते. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवी होणे हे तिचे परिणाम. ती सर्वांना चालत नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

कापूर हुंगल्याने नाक मोकळे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. करोनाकाळातला ऑक्सिमीटर सोबत असावा, पण लेहला नव्याने पोचलेल्या निरोगी माणसाचा आकडाही नव्वदच्या खाली दिसू शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. पहिले दोन दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

आणि एक गोष्ट चहाच्या कट्ट्यावरच ठरवून टाकावी. कोणाला त्रास झाला तर कोण थांबेल, कोण सोबत खाली उतरेल, बाकीचे काय करतील. कार्यक्रमात एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. मग ‘आज मला बरं वाटत नाही’ हे सांगताना कोणाला ओशाळे वाटणार नाही. पँगाँग पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. रविवारी देवगिरीच्या पायथ्याशी चहाला सगळे परत जमले पाहिजेत.