शहाड-टेमघरचे पाणी आणि चार भागीदार

ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या वाचक भगिनींना एक सूचना तोंडपाठ असते : ‘स्टेम’चा चोवीस तासांचा शटडाऊन आहे, पाणी जपून वापरा. ही सूचना आली की भिवंडीच्या मोहल्ल्यांत, मीरा रोडच्या नयानगरात, घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतींत आणि मुंब्रा-कळव्याच्या काही भागात एकाच संध्याकाळी पिंपे, बादल्या, कळशा भरल्या जातात. मस्जिदीच्या हौदाची आणि टाकीची काळजी मुतवल्लींना पडते. दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झाले तरी दाब कमी असतो, चौथ्या मजल्यावर ते पोचायला आणखी एक दिवस जातो. एवढी वेगवेगळी गावे, वेगवेगळ्या महापालिका, मग नळ एकाच वेळी का बंद होतात, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर मात्र कळून घेण्यासारखे आहे. कारण या पाण्यात आपण नुसते गिऱ्हाईक नाही, भागीदार आहोत.

‘स्टेम’ हे नाव शहाड आणि टेमघर या दोन ठिकाणांवरून पडले. कल्याणजवळ शहाडला उल्हास नदीचे पाणी उचलतात, ते भिवंडीच्या टेमघर येथे शुद्ध करतात आणि तिथून मोठ्या जलवाहिन्यांनी गावोगावी पाठवतात. रोजचे पाणी सुमारे २८५ दशलक्ष लिटर, म्हणजे साडेअठ्ठावीस कोटी लिटर. ही योजना पूर्वी राज्य सरकारच्या यंत्रणेने उभी केली. पुढे तिची स्वतंत्र कंपनी झाली. कंपनी म्हटले की लोकांना खासगी मालक आठवतो. इथे तसे नाही. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद हे तिचे मालक. जिल्हा परिषद यात आहे ती वाटेवरच्या खेड्यांसाठी. चार स्थानिक संस्थांनी मिळून चालवलेले हे एक घर आहे म्हणा ना.

असे एकत्र येणे आपल्याकडे नवे नाही, फक्त आपले तिकडे लक्ष नसते. भिवंडी-निजामपूर या नावातच दोन शेजारी आहेत. मीरा-भाईंदरची नगरपालिकाच १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून झाली. पण गावांचे विलीनीकरण वेगळे आणि भागीदारी वेगळी. विलीनीकरणात लहान गाव मोठ्यात विरघळते. भागीदारीत प्रत्येकाचे घर वेगळे राहते, चूलही वेगळी राहते, विहीर तेवढी एक असते.

विहिरीवरून मदिन्याच्या रूमा विहिरीची हकिकत आठवते. सीरतच्या पुस्तकांत असे येते की हजरत उस्मान (रजि.) यांनी आधी त्या विहिरीचा निम्मा हिस्सा घेतला आणि एक दिवस त्यांचा, एक दिवस मूळ मालकाचा, अशी पाळी ठरली. लोक हजरत उस्मान (रजि.) यांच्या दिवशीच दोन दिवसांचे पाणी फुकट भरून नेऊ लागले. तेव्हा मालकाने उरलेला हिस्साही विकला आणि विहीर सर्वांसाठी मोकळी झाली. एक दिवसाआड पाणी भरणाऱ्या आजच्या घरांना ही गोष्ट चांगलीच ओळखीची वाटेल! पाण्यात सर्वांचा हिस्सा असतो ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण हिस्सा म्हटला की हिशेब आला, आणि शहरांच्या भागीदारीत घोडे अडते ते याच हिशेबावर.

आधी फायदा पाहू. नदीवर पाणी उचलण्याचे केंद्र, शुद्धीकरणाचे मोठे काम, मैलोगणती जाड जलवाहिन्या, पंपांचे वीजबिल, हे एकट्या भिवंडीला झेपले असते का? २०११ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सात लाखांवर होती, मीरा-भाईंदरची आठ लाखांवर आणि ठाण्याची अठरा लाखांवर. यंत्रमागाच्या धंद्यावर जगणाऱ्या गावाची तिजोरी आणि ठाण्याची तिजोरी यांची बरोबरी होत नाही. भिवंडी मुंबई महापालिकेकडूनही पाणी घेते, थोडे वऱ्हाळा तलावाचे असते, तरी स्टेमच्या पाण्यावाचून तिचे भागत नाही. वेगळे राहिले असते तर या गावाला एक तर महाग पाणी मिळाले असते किंवा टँकर. भागीदारीत लहान गावाला मोठ्या यंत्रणेचे पाणी मिळते आणि मोठ्या गावाचा खर्च वाटला जातो. यात कोणाचे उपकार नाहीत.

आता अडचण. स्टेमचे काम गावाच्या वेशीपर्यंत, फार तर जलकुंभापर्यंत. तिथे मोठे मीटर असते आणि त्यावर महापालिकेला बिल लागते. जलकुंभापासून आपल्या नळापर्यंतचे काम महापालिकेचे. मधल्या जुन्या वाहिनीतून पाणी गळाले, कोणी चोरून जोडणी घेतली, तरी मीटर आधीच फिरलेला असतो. गळलेल्या पाण्याचेही पैसे गावालाच भरावे लागतात. नदीकाठी असलो तरी वुजूला पाणी वाया घालवू नये असे आपण मुलांना सांगतो. ते योग्यच आहे. पण मोहल्ल्याच्या तोंडाशी फुटलेली वाहिनी आठ-आठ दिवस वाहत असेल तर तिची तक्रार करणेही त्यातच येते, असे आम्हाला वाटते.

जबाबदारीचा घोळही इथेच होतो. पाणी आले नाही की महापालिका म्हणते वरून कमी आले. वरचे म्हणतात आम्ही मोजून दिले, आत वाटप नीट नाही. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते आणि बाई रिकाम्या कळशीसमोर उभी असते. कुटुंबात चार भाऊ एकत्र राहत असतील तर वीजबिल कोणी भरायचे यावरून जे होते तेच हे.

बिलावरून आठवले. भिवंडी महापालिकेकडे स्टेमची थकबाकी साठल्याच्या आणि त्यावरून पाणी कमी करण्याचे इशारे मिळाल्याच्या बातम्या अनेकदा छापून आल्या आहेत. थकबाकीचे एक कारण सर्वांना माहीत आहे : घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली कमी होते. यंत्रमाग बंद पडतात, मजूर गावी जातात, घरमालक हात आखडतो, ही अडचण खोटी नाही. पण ज्यांनी वेळेवर पट्टी भरली त्यांच्याही नळाचे पाणी इशाऱ्यात येते, हेही खरे. म्हणून ‘भिवंडीचे लोक पैसे भरत नाहीत’ असे सरसकट बोलणारे आम्हाला मान्य नाहीत, आणि ‘पाणी अल्लाहचे, मग बिल कशाचे’ असे म्हणणारेही मान्य नाहीत. पाणी अल्लाहचे आहेच. पंप, फिटकरी, क्लोरीन आणि रात्रपाळीच्या कामगाराचा पगार मात्र माणसांनीच द्यायचा असतो.

बसगाड्यांच्या बाबतीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांनी २००७ मध्ये असेच केले. दोघांच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली आणि वाटा ठरला पुण्याचा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. तोटा आला तरी त्याच हिशेबाने भरायचा. कोणत्या शहराला किती गाड्या, कोणाच्या मार्गावर किती फेऱ्या, यावरून कुरबूर होते. तरी निगडीहून स्वारगेटला जाणाऱ्या माणसाला वाटेत हद्द बदलली म्हणून गाडी बदलावी लागत नाही. या व्यवस्थेची एक गोष्ट आम्हाला चांगली वाटते : ६० आणि ४० हे आकडे पुण्यात कोणालाही ठाऊक असतात. भांडण झाले तरी ते उघड आकड्यांवर होते. स्टेममध्ये आपल्या गावाचा रोजचा वाटा किती, असे भिवंडीत किंवा नयानगरात दहा घरांत विचारून पाहा.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला सगळ्यात जास्त खटकते. नदीचे पाणी घेणारे भागीदार झाले, पण नदी बिघडवू शकणारे त्या भागीदारीत नाहीत. उल्हास नदी कर्जत-बदलापूरवरून खाली येते. वाटेत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही शहरे. उल्हासनगरचा खेमाणी नाला पाणी उचलण्याच्या जागेजवळच्या पात्रात येऊन मिळत असल्याची तक्रार कित्येक वर्षांची आहे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मोहन्याच्या बाजूला जलपर्णीने पात्र झाकून जाते आणि पाणी उचलायला अडथळा होतो. वरच्या गावाचे सांडपाणी आणि खालच्या गावाचे पिण्याचे पाणी यांचा हिशेब एका टेबलावर बसून झाला पाहिजे. ते टेबल घटनेने दिलेले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या समाईक बाबी, त्यांत पाण्याची वाटणीही, तिने आराखडा करताना पाहायची आहे. तिचे पाचांपैकी चार सदस्य निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींतून यायचे असतात. २०२२ पासून या तिन्ही महापालिकांवर प्रशासक आले आणि कित्येक वर्षे निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. मग आपल्या मोहल्ल्याचे म्हणणे त्या टेबलापर्यंत कोण नेणार?

धरणाचीही बाजू आहे. उन्हाळ्यात उल्हास नदीला पाणी राहते ते बारवी आणि आंध्र धरणांतून सोडल्यामुळे. बारवीची उंची वाढवताना काही गावे उठली. त्या प्रकल्पग्रस्तांच्या घरातल्या माणसांना पाणी घेणाऱ्या शहरांच्या नोकरीत सामावून घ्यायचे, असे धोरण ठरले. पाण्याबरोबर त्याची किंमतही वाटून घेण्याचा हा विचार आम्हाला न्यायाचा वाटतो. आपल्या नळाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी बुडालेले घर आहे, एवढे तरी आपल्या मुलांना माहीत असावे.

शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मानक आहे. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर झाले. आपल्या घरात किती येते ते एक आठवडा मोजून लिहून ठेवा. पिंपाचे माप माहीत असते, अवघड काही नाही. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी हे केले तर निवेदनाला वजन येते. शटडाऊन शक्यतो रमजान आणि ईदच्या तोंडावर ठेवू नये, टोकाच्या वस्तीला आधी पाणी सोडावे, अशा मागण्या कमिटीने आकड्यांसह द्याव्यात.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. अर्ज महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत हवा. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी लागते. विचारायचे एवढेच : गेल्या बारा महिन्यांत स्टेमकडून दरमहा किती पाणी घेतले, किती बिल आले, किती भरले, आणि आमच्या प्रभागाच्या जलकुंभात त्यातले किती सोडले. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.