गाठीचा रक्तपुरवठा आणि रुग्णाची मिळकत

आवाज बसला की आमच्या भागात पहिला उपाय हळदीचा. वसमत तालुक्यातील हट्टा व आसपासची गावे हळद पिकवणारी. तेव्हा गरम दुधातून हळद घेणे हा येथील घरगुती वैद्यकाचा पहिला पाठ असावा, यात नवल नाही. आठ-पंधरा दिवसांत घसा मोकळा झाला तर उत्तमच. परंतु तंबाखू-विडीची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवडे उलटूनही घोगराच राहिला, तर ते स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. स्वरतंतूवरील लहानशी गाठ वेळीच सापडली, तर बहुसंख्य रुग्ण केवळ किरणोपचाराने अथवा छोट्या शस्त्रक्रियेने बरे होतात. हंगाम संपू दे, मग पाहू, असे म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात, तेव्हा मात्र स्वरयंत्रच काढण्याची पाळी येते.

या सहा महिन्यांत गाठीत घडते काय? जुडाह फोकमन या अमेरिकन शल्यविशारदाने 1971 साली असे प्रतिपादन केले की, एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढण्यासाठी गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळवाव्या लागतात. प्राणवायू कमी पडू लागला की गाठीतील पेशी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतात आणि शेजारच्या निरोगी रक्तवाहिनीला त्या दिशेने अंकुर फुटतात. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला रात्रीतून भगदाड पाडून आपले शेत भिजवणारा शेतकरी आमच्या वाचकांना अपरिचित नाही. गाठीची रीत तीच.

काढलेल्या गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट प्रथिनांच्या खुणा रंगवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. 'सीडी 34' या खुणेने वाहिन्यांचे अस्तर उठून दिसते व वाहिन्यांची दाटी मोजता येते. 'पी 53' वरून पेशीवरील नियंत्रण सुटल्याचा सुगावा लागतो. कोणाचा रोग उलटेल, हे अशा खुणांवरून आधीच कळावे, ही आशा. ती अद्याप पुरती फळास आलेली नाही. वाहिन्या गाठीच्या कोणत्या भागात मोजाव्यात येथपासून मतभेद आहेत, आणि स्वरयंत्राच्या कर्करोगात या मोजणीवरून उपचार ठरवावेत इतके एकमत झालेले नाही. (हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत अशा वाहिन्यांची वाढ रोखते, असे दिसले आहे. तथापि पोटातून घेतल्यास ते शरीरात फारच थोडे शोषले जाते. त्यावर विसंबून कोणी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.)

खुणेवर नेम धरणारी औषधे मात्र बाजारात आली. डोके व मानेच्या बहुतेक कर्करोगांत 'ईजीएफआर' ही खूण विपुल आढळते. तिच्यावर चालणाऱ्या सेटुक्झिमॅबला अमेरिकेत या रोगासाठी 2006 मध्ये मान्यता मिळाली. या वर्गातील औषधांच्या किमती शेतमजुराने ऐकण्यापुरत्याच. संशोधनावर केलेला खर्च कंपनीने वसूल करावा, हे आम्ही वर्गात शिकवतो. प्रश्न असा की, ज्या औषधाचे पेटंट केव्हाच संपले आहे, त्याचा नवा उपयोग शोधण्याचा खर्च कोणी सोसावा? बाजाराकडे याचे उत्तर नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ते दिले. हे रुग्णालय 1941 साली सुरू झाले आणि 1962 पासून अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आहे. जुने, स्वस्त मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत आणि सांधेदुखीवरील सेलेकॉक्सिब रोज, अशी गोळ्यांची जोडी तेथे तपासली गेली. संततच्या अल्प मात्रेने गाठीच्या वाहिन्यांची वाढ खुंटते, असे मानले जाते. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या 422 रुग्णांवरील ही चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेवाटे सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान 6.1 महिने, तर गोळ्या घेणाऱ्यांचे 7.5 महिने भरले. गंभीर त्रासाचे प्रमाणही 30 टक्क्यांऐवजी 19 टक्के होते.

दीड महिन्याचाच फरक, असे कोणी म्हणेल. हा रोग बरा करणारा उपाय नव्हे, हे मान्यच. पण ज्या घरातून कर्ता जात आहे, त्या घराचा हिशेब निराळा असतो. शिरेवाटे औषध म्हणजे दर तीन आठवड्यांनी शहर गाठणे, सोबत एक माणूस, दोघांचा बुडालेला रोज आणि धर्मशाळेतील मुक्काम. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागला, तरी बुडालेला रोज कोण भरून देणार? गोळी घरी घेता येते.

याच संस्थेने 2022 मध्ये आणखी एक पाऊल टाकले. या गोळ्यांना एर्लोटिनिबची जोड होतीच. त्यांत निव्होलुमॅब हे महागडे प्रतिकारशक्तिवर्धक औषध केवळ 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी, मिळवले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रा विकण्यात ज्यांचा नफा आहे, त्यांनी ही चाचणी आपण होऊन केली असती, असे मला वाटत नाही.

या गोळ्यांचा पुरस्कार करणारा प्रतिनिधी कोणत्याही दवाखान्याची पायरी चढणार नाही. त्यांना हवी ती वेळोवेळी रक्ततपासणी, आणि तोंडात फोड आले तर मात्रा थांबवण्याचे तारतम्य असलेला डॉक्टर. एवढी सोय हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी नियमाने झाली, तर हट्ट्याच्या रुग्णाला मुंबईची वारी एकदाच, उपचार ठरवण्यापुरती, करावी लागेल.