भाकरी मोडली, दोष कोणाचा?

भोगीच्या सकाळी जामखेडच्या घराघरांत लेकुरवाळी भाजी रटरटत असते. सोलाणे, पावटा, वांगी, गाजर, बोरं आणि वरून तिळाचं कूट. भाजी सहसा बिघडत नाही. बिघडते ती तीळ लावलेली बाजरीची भाकरी. थापता थापता कडेला चिरा जातात, उचलताना दोन तुकडे होतात आणि सासूबाई म्हणतात, "हातालाच वळण नाही." हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

गव्हाच्या कणकेला ग्लूटेन धरून ठेवतं. बाजरी-ज्वारीत ते नाहीच. तिथे चिकटपणा येतो स्टार्चमधून, आणि तो यायला उष्णता लागते, म्हणून तर आधणाचं पाणी. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी (चिकटपणा) जाते. मग कितीही सराईत हात असला तरी भाकरी फाटतेच. अशा पिठाला पाणी खळखळ उकळतं घ्यावं, ओतून उलथण्याने हलवावं आणि पाचेक मिनिटं झाकून ठेवावं. मग एका भाकरीपुरताच गोळा घेऊन तळव्याने रगडून मळावा. गोळा बोटाने दाबला आणि कड फुटली नाही, की तो थापायला तयार.

भाकरी कडवट लागली की दुसरा संशय दुकानदारावर: जुनी बाजरी गळ्यात मारली! धान्य बऱ्याचदा चांगलंच असतं. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ५ ग्रॅम स्निग्धांश असतो. ज्वारीत आणि गव्हात तो साधारण २ ग्रॅमच्या आत. दाणा अख्खा असेपर्यंत हा स्निग्धांश सुरक्षित राहतो. दळला की दाण्यातलंच लायपेज हे विकर त्याच्यावर काम सुरू करतं, आणि आठ-दहा दिवसांत पिठाला वास आणि कडूपणा येऊ लागतो. म्हणजे बाजरी महिनोन्‌महिने टिकते, पीठ टिकत नाही. गिरणीवरची सणाची गर्दी टाळायला पंधरा दिवस आधीच पाच किलो दळून आणणं ही हुशारी अंगाशी येते. डबा फ्रिजमध्ये ठेवला तर कडूपणा उशिरा येतो. एकदा आलेला मात्र जात नाही.

तिळांचं उलटं आहे. पांढरेशुभ्र तीळ उत्तम समजून लोक जास्त पैसे मोजतात. पण तिळातलं कॅल्शियम बहुतांश सालीत असतं: सालीसकट १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास, साल काढलेल्यात त्याचा लहानसा हिस्सा. सालीतलंही सगळं अंगी लागत नाही, कारण ते ऑक्झलेटशी बांधलेलं असतं. आणि 'गूळच तो' म्हणून मधुमेही माणसाने तिळगुळाचे चार लाडू खाऊ नयेत. गुळात बहुतांश साखरच असते.

जाता जाता तारखेचं. भोगी कायम १३ जानेवारीलाच, असं अनेकांना वाटतं. २०२४ मध्ये संक्रांत १५ तारखेला होती, भोगी १४ ला. आपल्या पंचांगातलं सौर वर्ष आणि इंग्रजी वर्ष यांच्या लांबीत किंचित फरक असल्यामुळे संक्रांत हळूहळू पुढे सरकते. जामखेड तालुक्यातच खर्ड्याची लढाई झाली त्या १७९५ साली ती आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधीच येऊन गेली होती.

खरा घातक गैरसमज मात्र वेगळाच. गरोदर बाईने बेताचं खावं, म्हणजे बाळ लहान राहून बाळंतपण सोपं जातं, ही समजूत या भागात खोल रुजलेली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा या समजुतीशी खरी झुंज दिली ती गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी शाळेत न गेलेल्या आरोग्य सेविकांनी. कमी खाल्ल्याने बाळंतपण सुखरूप होत नाही. आई अशक्त होते आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. 'तीळ उष्ण, बाजरी उष्ण' म्हणत सणाच्या ताटातून पोटुशीचा वाटा आजही कुठे कुठे बाजूला काढला जातो. जेवणातल्या तिळाने गर्भ पडतो, याला आधार नाही. डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलं नसेल, तर तिला गरम भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी पोटभर वाढावी.