पक्षिनिरीक्षकांची इक्वेडोर-यात्रा

इंग्लंडात किंवा उत्तर अमेरिकेत तीस-चाळीस वर्षे पक्षिनिरीक्षणाचा छंद जोपासलेली माणसे उतारवयात, नोकरीधंद्यातून मोकळी झाली की, विषुववृत्ताकडे वळतात. त्यांपैकी पुष्कळांचा मुक्काम दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात पडतो. हा देश विस्ताराने महाराष्ट्राहूनही थोडा लहान. परंतु तेथे पक्ष्यांच्या १,६०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. सबंध भारतात ही संख्या सुमारे १,३५० भरते. ह्या वैभवाचे मुख्य कारण अँडीज पर्वत होय. थोडक्या अंतरात जमीन समुद्रकाठापासून हिमशिखरांपर्यंत चढते. पाचशे-हजार मीटर वर गेले की हवा पालटते, झाडी पालटते आणि पक्षीही पालटतात.

असे असल्यावर तेथे पदोपदी पक्षी दिसत असतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पाहुण्यांचा पहिला दिवस बहुधा हिरमोड करतो. जाती अनेक, पण एकेका जातीचे पक्षी थोडे आणि विखुरलेले. बराच वेळ रान सामसूम असते. मग एकाएकी नाना जातींचा एक मिश्र थवा चरत चरत डोक्यावरून जातो आणि दुर्बीण कोणावर रोखावी हे ठरण्यापूर्वीच दिसेनासा होतो. घरच्या बागेतला पक्षी नुसत्या शेपटीच्या झटक्यावरून ओळखणारा मनुष्य येथे पुन्हा बिगरीत बसतो म्हणावयाचा!

त्यातही अँटपिटा नावाच्या पक्ष्यांनी भल्याभल्यांस हात टेकावयास लावले आहेत. उंच पायांचा, जवळजवळ बिनशेपटीचा हा पक्षी आपल्याकडील नवरंगाच्या ठेवणीचा असतो. (त्याच्या नावातील ‘पिटा’ हा शब्द मूळचा तेलुगू, हे ऐकून मौज वाटेल.) दाट झाडीच्या अंधारात तो जमिनीवर वावरतो, त्याचा आवाज ऐकू येतो, दर्शन मात्र घडत नाही.

हे कोडे सोडविले मिंदो गावाच्या परिसरातील आन्हेल पास ह्या शेतकऱ्याने. लाकूडतोड आणि शेती हा त्याचा चरितार्थ. आपल्या रानात तांबड्याभडक ‘कॉक-ऑफ-द-रॉक’ पक्ष्यांचे नर पहाटे जमून नाचतात, ते पाहण्यास परदेशी लोक पैसे देतील, हे त्याने हेरले. २००५ च्या सुमारास त्यासाठी पायवाट काढताना त्याला एक मोठा अँटपिटा गांडुळे टिपताना आढळला. त्याने गांडुळे टाकून पाहिली, पक्षी पळाला. आन्हेलने नेट सोडला नाही. अखेर तो मादी पक्षी हाकेसरशी येऊ लागला. तिचे नाव त्याने मारिया ठेविले.

गांडुळे चारून पाहिलेला पक्षी खरा ‘पाहिला’ म्हणावा काय, असा आक्षेप काही कर्मठ छांदिष्ट घेतात. परंतु ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यास खोट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजावयास लावण्यापेक्षा मूठभर गांडुळे पुष्कळ बरी. शिवाय, ज्या झाडांवर कुऱ्हाड चालावयाची ती पाहुण्यांच्या शुल्कावर उभी राहिली, ही गोष्ट आक्षेपकांच्या हिशेबात सहसा येत नाही.

पुढे ही युक्ती इतरत्रही गेली. कोलंबियात मानिसालेस शहरानजीकच्या रिओ ब्लांको अरण्यात पाहुणे बाकांवर बसतात. वाटाड्या गांडुळांचा डबा उघडून हलकेच शीळ घालतो, आणि झुडपाखालून दोन उंच पाय उड्या मारीत उजेडात येतात.