घरात दुसरं मांजर आणताय? आधी वास, मग भेट

मेढा : पावसाळा तोंडावर आला की जावळी तालुक्यात भाताला उंदीर लागू नये म्हणून कुणाकडून तरी मांजराचं पिल्लू आणलं जातं. पिशवीतून आणलेलं पिल्लू थेट घरच्या मांजरापुढं सोडतात, तिथंच चुकतं. जुनं मांजर फिस्कारतं, अंगावर जातं, पोत्यांवर मुततं, कधी घरच सोडून जातं.

मांजर हद्द मानणारं जनावर. उंबरा, खांब, माणसाचे पाय यांना गाल घासून ते आपला वास लावत असतं. परका वास म्हणजे त्याच्या लेखी घुसखोरी. म्हणून नव्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. लस न दिलेल्या पिल्लाकडून येणाऱ्या आजाराचा धोकाही त्यामुळे कमी होतो. एकाचं अंथरायचं गोणपाट दुसऱ्याच्या जागी टाकावं. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या ठेवाव्यात. थोडी सुकट असली तर काम लवकर होतं! फिस्कारणं थांबलं की दार किलकिलं करावं. पहिली भेट पाचच मिनिटांची.

जुन्याची चुलीजवळची जागा नव्याला देऊ नये. दोन बोके असतील तर नसबंदीबद्दल पशुवैद्यकांना विचारावं.

जुंपलीच तर मध्ये हात घालू नये, गोणपाट टाकावं. चावलं किंवा ओरखडलं तर हळद-चुना लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

काही मांजरं शेवटपर्यंत एका वाटीत खात नाहीत. एक माळ्यावर, एक ओसरीवर, असंही निभतं.